पेटीवाल्यानं पहिला ॲनालॉग पॉली सिंथ कुठला घ्यावा? चार व्हॉइस पुरतात का?

शहापूरची पेटी (धागा काढणारा)
बेळगाव-खानापूरकडची भजनाला आणि नाट्यसंगीताला साथ करणारी बरीच मंडळी सध्या हा प्रश्न विचारायलेत. (ॲनालॉग पॉली सिंथ म्हणजे विजेच्या सर्किटातून आवाज घडवणारा, एकावेळी अनेक सूर वाजवणारा कीबोर्ड. एकावेळी जितके सूर वाजतात तितक्या त्याच्या व्हॉइस.) त्यांची अट एकच, नॉब फिरवला की आवाज बदलला पाहिजे, मेनूत शिरायला लागू नये. माझं मत कॉर्ग मिनीलॉगला. २०१६ चं मॉडेल, चार व्हॉइस, प्रत्येक व्हॉइसला दोन व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजवर चालणारे, सूर तयार करणारे ऑसिलेटर. फिल्टर (आवाजाचा तिखटपणा कापणारा), दोन्ही एन्व्हलप (सूर कसा चढतो-विरतो ते ठरवणारे), एलएफओ (आवाज हळू हलवणारा), डिले (प्रतिध्वनी), सगळं पॅनेलवर उघडं.

पेटीवाल्याला इथं एक आयता फायदा आहे. भाता मारणारा डावा हात मोकळा होतो, तो सरळ कटऑफवर, म्हणजे फिल्टर किती उघडायचा त्या नॉबवर ठेवायचा. दुसरा ऑसिलेटर मिक्सरमध्ये बंद, पहिल्यावर सॉ वेव्ह, रेझोनन्स शून्य, सस्टेन पूर्ण, अटॅक (सूर चढायचा वेळ) आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ) अगदी थोडे. मग उजव्या हातानं ओळ धरून डाव्यानं कटऑफ हळूहळू उघडा. भात्याचा जोर वाढवल्यासारखा सूर खुलतो.

निपाणीकर
हिशेब करा की. खर्ज सा, प आणि मधला सा धरून ठेवलात की तीन व्हॉइस गेल्या. उरली एक. आता रिलीज दोन सेकंदांवर नेऊन वर रे-ग-म वाजवा. रे विरायच्या आत ग ला व्हॉइस लागते, ती कुणाची तरी हिसकावूनच मिळणार. कधी रे मध्येच तुटतो, कधी खालचा सा गप्प होतो.

बेहरिंगर डीपमाइंड ६ घ्या. सहा व्हॉइस, पूर्ण आकाराच्या ३७ पट्ट्या आणि आफ्टरटच, म्हणजे दाबलेल्या पट्टीवरचा जादा जोर ओळखायची सोय. मिनीलॉगच्या पट्ट्याही ३७, पण अरुंद, आणि आफ्टरटच नाही. आफ्टरटच फिल्टरला जोडलं की पट्टी दाबून धरूनच सूर फुगवता येतो, डावा हात कशाला अडकवायचा?

शिवाय डीपमाइंडमध्ये डीसीओ (डिजिटल नियंत्रणातले ऑसिलेटर) आहेत, सुराची पट्टी डिजिटल क्लॉक ठरवतं. मिनीलॉगचे व्हीसीओ तापमानाबरोबर सरकतात. थंडीच्या दिवसांत उघड्या मांडवात रात्री अकराला काय होतं ते साथ करणाऱ्यांना सांगायला नको.

शहापूरची पेटी
सरकतात, मान्य. म्हणून कार्यक्रमाच्या जागी पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करून ठेवायचा आणि तापल्यावर ऑटो-ट्यूनिंग करायचं. घरी ट्यून करून आणलेला मांडवात लावला आणि बेसूर झाला तर दोष सिंथचा नाही.

आणि सा-प-सा धरायला पॉली सिंथ घेतोय कोण? त्याला तानपुऱ्याची पेटी आहे, मोबाईल आहे. आफ्टरटच फिल्टरला जोडायचं म्हणजे मॉड मॅट्रिक्स (कशानं काय बदलायचं ते जोडायची यादी) उघडायचं, म्हणजे मेनू आलाच. अट तिथंच मोडली.

निपाणीकर
एकदा जोडायचं आणि सेव्ह करायचं. रोज कोण मेनूत शिरतंय?

खानापूर घाट
दोघंही व्हॉइस मोजत बसलाय, मींड आणि स्वरांचं काय? पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरेंच्या बेळगावात पेटीच्या सुराबद्दल कुणी सवलत देत नाही.

आधी मींड. पॉली मोडमध्ये पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय) लावू नका. प्रत्येक व्हॉइस स्वतःच्या मागच्या सुरावरून घसरत येते, त्यामुळे प वरून ध ला जायच्या जागी आवाज कुठून तरी खालून चढतो. मोनो मोड (एकावेळी एकच सूर) लावा, मगच सलग मींड मिळते. आणि मूळ मिनीलॉगवर पोर्टामेंटो मेनूतच आहे हे शहापूरकरांनी सांगितलं नाही. २०१९ च्या मिनीलॉग एक्सडीवर त्याला स्वतंत्र नॉब आहे, सूर लांबवणाऱ्या डॅम्पर पेडलचं सॉकेट आणि स्टिरिओ आउटही आहे.

आता श्रुती. कीबोर्डवरचा शुद्ध ग सा पासून ४०० सेंट्सवर (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तानपुऱ्याशी जुळणारा ग ३८६ वर. धरून ठेवला की हे १४ सेंट्स कानाला बोचतात. एक्सडीत स्वतःची स्केल साठवता येते. मात्र गायकाची पट्टी बदलली की स्केलही तिथं सरकवावी लागते. पांढरी एकला (सी) बसवलेल्या स्केलवर पांढरी दोनचा (डी) सा धरलात, तर पंचम सुमारे २२ सेंट्स खाली येतो.

एक्सडीत तिसरा ऑसिलेटर डिजिटल आहे म्हणून नाकं मुरडणारे असतात. मिक्सरमध्ये तो शून्यावर ठेवला की विषय मिटला.

संकेश्वरी
या सगळ्यांपेक्षा जुना रोलँड जुनो-१०६ का नको? १९८४ चा, सहा व्हॉइस, स्लाइडर मोजके, मेनू नावालाही नाही.

निपाणीकर
आवाजाला तोड नाही. पण घेताना ‘की ट्रान्सपोज’ दाबून धरून पॉवर चालू करायला लावा. टेस्ट मोड येतो, आणि पट्टी दाबली की कुठली व्हॉइस वाजली तो आकडा दिसतो. सहाही ऐका. एखादी चरचरली, नाहीतर हात काढल्यावरही गुणगुणत राहिली, तर ८००१७ए ही, त्या व्हॉइसचा फिल्टर सांभाळणारी, चिप गेलेली असायची शक्यता दाट. तिच्यावरचा इपॉक्सीचा थर जुना झाला की बिघडतो. ॲसिटोनमध्ये भिजवून थर काढतात, किंवा नवीन बनावटीची चिप बसवतात. सोल्डरिंगवाला हाताशी नसेल तर नाद सोडा.

मागचं लेबलही वाचा. जपानी बाजारातला नग १०० व्होल्टचा असतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता आपल्या २३० वर लावलात तर संपलाच.

खानापूर घाट
वीज निघालीच आहे तर, मिनीलॉगला ९ व्होल्टचा सेंटर-पॉझिटिव्ह अडॅप्टर लागतो. गिटार पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्टचेच, पण बहुतेक सेंटर-निगेटिव्ह. मांडवात घाईत हाताला लागेल तो खुपसू नका, पोलॅरिटीचं चिन्ह बघा, अँपिअरही बघा.

आमच्याकडच्या पावसात स्लाइडर-नॉब खरखरायला लागले तर कॉन्टॅक्ट क्लीनरच मारा, गंजावर मारायचा साधा स्प्रे नको. त्याचं तेल मागं राहतं आणि वर धूळ बसते.

शहापूरची पेटी
एक्सडीचा मुद्दा पटला, बजेट असेल तर तोच घ्यावा. सहा व्हॉइसचा मुद्दा मात्र अजून पटलेला नाही. दुकानात हेडफोन लावा, चालू सिंथचा कुठलाही प्रिसेट (आधीच साठवलेला आवाज) निवडा आणि पुस्तक न उघडता तो बासरीसारखा मऊ करायचा प्रयत्न करा. दहा मिनिटांत जमलं नाही तर तो सिंथ आपला नव्हे, मग व्हॉइस बारा असल्या तरी.

निपाणीकर
आणि त्याच दुकानात रिलीज वाढवून यमनची एक ओळ सा-प धरून वाजवा, मग बोला.