कॅनन आर१० कॅमेऱ्यासाठी १००-४०० लेन्स सेकंडहँड घेऊ का?

ऑरेंजसिटीवाला: भाऊ लोक, कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ सेकंडहँड मिळून राहिली, बॉडी आर१०. अंबाझरी तलावावर पक्षी काढायचे, अन् जमलं तर ताडोबा. दुकानात थोडाच वेळ हाताळू देतात, त्यात काय बघू?

घारवेडा: झूम ४०० वर टाक, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, शटर १/१०००, अन् समोरच्या दुकानाची पाटी काढ, आधी मधोमध मग चारही कोपऱ्यात, प्रत्येकवेळी फोकस नव्यानं. चारही कोपरे जरासे मऊ आले तर चालते, पण एकच पुसट अन् बाकीचे तीन कडक म्हणजे आतली काच सरकली, सोडून दे. मोबाईलचा टॉर्च मागून मारून बुरशी पण पाहा, जाळ्यासारखी दिसते. मग बाहेर येऊन उडत्या घारीवर फोकस टिकते का बघ.

मागचीसीट: लेन्स हलकी आहे, ६३५ ग्रॅम, अन् आर१० चा सेन्सर छोटा म्हणून ४०० वर ६४० मिमी सारखी फ्रेम मिळते. पण ४०० वर एफ/८ भाऊ, उजेड कमीच येते! पहाटेच्या जिप्सीत आयएसओ ६४०० च्या वर जाईल, फोटो दाणेदार येईल, अन् स्टॅबिलायझर तुझा हात सांभाळते, पळणारं हरीण नाही.

घारवेडा: हो ते खरं. अन् टेस्ट सकाळीच कर बे, मे च्या दुपारी डांबरावरून हवा अशी उकळते की लाखाची लेन्स पण पाटी लिबलिबीतच दाखवेल.

ऑरेंजसिटीवाला: ताडोबासाठी भाड्यानं जास्त उजेड घेणारी मोठी लेन्स पाहतो मग. उद्या दुकान उघडल्या उघडल्या जातो, पाटीचे फोटो टाकतो इथं.