‘कोर्स पूर्ण करा’ म्हणजे नक्की किती दिवस?

खडूस_वाचक: काल एका ताईंनी लिहिलं, “बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडणारे सगळ्यांच्या जिवावर उठलेत.” खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२२ च्या सूचना बघा: घरी असताना झालेला न्यूमोनिया ५ दिवस, त्वचेचा संसर्ग ५, रुग्णालयात लागलेला न्यूमोनिया ८. आणि आपल्याकडे सरसकट सात नाहीतर दहा! सातच का? तर आठवड्याचे वार सात. अमेरिकेतले डॉ. ब्रॅड स्पेलबर्ग यावरून रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनला बोल लावतात. ३२१ साली त्याने आठवडा सात दिवसांचा ठरवला; चारचा केला असता तर कोर्सही चारचा झाला असता. गोळी जितके दिवस जास्त, तितके पोटातले निरुपद्रवी जंतू तिला सरावतात, नि पुढे खऱ्या दुखण्यात ती लागू पडेनाशी होते.

मिरजकर_मावशी: बादशहा राहू दे बाजूला. माझ्या धाकट्या दिराने टीबीच्या गोळ्या चौथ्या महिन्यात सोडल्या. खोकला गेला, वजन वाढलं, मग कशाला? उलटला तेव्हा साध्या गोळ्या लागू पडेनात. इंजेक्शनं घेतली, एका कानाने ऐकू येईनासं झालं. तुमचं वाचून उद्या कोणी असंच सोडलं तर?

खडूस_वाचक: टीबीचं मी बोललोच नाही.

मिरजकर_मावशी: नाही बोललात, तेच तर दुखणं आहे.

पट्टीवाला: मेडिकल दुकान चालवतो. दिवस सूचना ठरवत नाहीत, पट्टी ठरवते. दहाची पट्टी, दिवसाला दोन, झाले पाच दिवस. आयसीएमआर खूश! पण अर्धी गिऱ्हाइकं म्हणतात, “दोनच कापून द्या.”

नाव_नको: आणि तुम्ही देता! चिठ्ठी बघता तरी का? ठरावीक अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत हा शेड्यूल एच-१ चा नियम २०१४ पासून आहे, रजिस्टर ठेवायचं असतं.

पट्टीवाला: रजिस्टर आहे, या बघायला. नाही दिलं तर समोरचा देतो. माझं भाडं तुम्ही भरणार?

नाव_नको: म्हणजे भाड्यासाठी लोकांच्या जिवाशी खेळ. छान.

पट्टीवाला: तुमच्या घरच्या डब्यात उरलेल्या अझिथ्रोच्या (तीही अँटिबायोटिकच) गोळ्या किती, ते आधी मोजा. मग शिकवा.

नाव_नको: …चार. पण त्या आईच्या आहेत.

खडूस_वाचक: धागा कशावर होता?

ओपीडी_रात्रपाळी: डॉक्टर आहे, शिव्या मलाच पडणार. खडूसराव, न्यूमोनियाचं बरोबर. रक्तात जंतू गेलेल्या ३,६०८ रुग्णांवरचा बॅलन्स नावाचा अभ्यास २०२४ मध्ये आला. ७ दिवस १४ पेक्षा कमी पडले नाहीत. पण स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा आला तर पेनिसिलिन १० दिवस, नाहीतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांवर जाऊ शकतो. सूचनेत ‘५ दिवस’ असतं ते पेशंटचा ताप उतरून स्थिर झाला असेल तर. माझा पेशंट तिसऱ्या दिवशी दाखवायला येतच नाही. न बघता पाच कसे लिहू? सात लिहिते नि झोपते.

खडूस_वाचक: म्हणजे सूचना नाही, तुमची झोप ठरवते. ठीक. घशाचं मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य.

मिरजकर_मावशी: आणि टीबीचं?

खडूस_वाचक: मावशी, टीबीचं कमीत कमी सहा महिने, एकही गोळी न चुकवता. वर मोठ्या अक्षरात लिहू का?

मिरजकर_मावशी: लिहा.

पट्टीवाला: त्या चार गोळ्यांची एक्स्पायरी बघितली का कोणी?