स्नायुशिथिलकांचं 'उत्सर्जन', 'निचरा' की 'विल्हेवाट'?

प्रश्न : भूलशास्त्रावरच्या लेखात मी लिहिलंय, 'यकृताच्या आजारात स्नायुशिथिलकांचे उत्सर्जन मंदावते.' स्नायुशिथिलकं म्हणजे भूल देताना स्नायू सैल करणारी औषधं. 'क्लिअरन्स'साठी, म्हणजे औषध शरीरातून नाहीसं होण्यासाठी, उत्सर्जन चालेल ना?

उत्तर : माझ्या मते नाही. उत्सर्जन म्हणजे लघवीतून किंवा पित्तातून बाहेर टाकणं. रोक्युरोनियम हे स्नायुशिथिलक बरंचसं जसंच्या तसं पित्तात जातं, त्याला हा शब्द शोभतो. व्हेक्युरोनियमची भिस्तही मुख्यतः यकृतावर. म्हणून सिरॉसिसमध्ये (यकृत कठीण होत जाणाऱ्या आजारात) दोघांचाही अंमल लांबतो. पण सक्सिनिलकोलीन रक्तातच मोडतं. ते मोडणारं विकर (एन्झाइम), प्लाझ्मा कोलिनेस्टरेज, यकृतात तयार होतं. आजार बळावला की ते कमी पडतं आणि एरवी ५ ते १० मिनिटांत ओसरणारा अंमल थोडा लांबतो. इथे दोष यकृताचाच, पण त्याला उत्सर्जन कसं म्हणणार?

दुसरं उत्तर : 'निचरा' घ्या. औषधशास्त्रात क्लिअरन्स म्हणजे ठरावीक वेळात रक्ताचा किती भाग औषधमुक्त झाला, हे माप. 'निचऱ्याचा वेग' त्याला चांगला बसतो.

प्रश्नकर्ता : मग अॅट्राक्युरियमचं काय? ते तर निचरत नाही, मोडतं.

पहिलं उत्तर देणारे : अगदी बरोबर अडलात. अॅट्राक्युरियम आणि सिसअॅट्राक्युरियम शरीराच्या तापमानाला आणि सामूला (pH) आपोआप मोडतात. याला हॉफमन विघटन म्हणतात. त्यासाठी यकृत लागत नाही, म्हणूनच यकृतविकारात भूलतज्ज्ञ यांना पसंती देतात. मला 'विल्हेवाट' आवडतो. मोडणं आणि बाहेर टाकणं, दोन्ही त्यात येतात. तक्त्यात आकडा द्यायचा तिथे 'निचरा' ठेवा, वाक्यात 'विल्हेवाट'. आणि वाक्यात सगळी स्नायुशिथिलकं एका दावणीला बांधू नका. 'काही' हा शब्द घालाच, नाहीतर वाचणारा विद्यार्थी चुकीचं शिकेल.

तिसरं उत्तर : एक गोष्ट राहिली. यकृताच्या आजारात पोटात पाणी साठून जलोदर झालेल्या रुग्णात औषध पसरायला जागा जास्त मिळते. त्यामुळे पहिला डोस अपुरा वाटतो, वाढवून द्यावा लागतो आणि मग तोच अंमल लवकर उतरत नाही. 'यकृताच्या आजारात औषध जास्त लागू पडते' असं सरसकट लिहिलं तर ही गुंतागुंत हरवते. 'उशिरा उतरते' म्हणा.

प्रश्नकर्ता : सुधारलेलं वाक्य असं : 'यकृताच्या आजारात काही स्नायुशिथिलकांची विल्हेवाट मंदावते आणि त्यांचा अंमल उशिरा उतरतो.'

तिसरं उत्तर देणारे : उत्तम. पुढे एवढं जोडा की अंमल उतरला हे घड्याळावरून ठरवत नाहीत. मनगटापाशी नसेला विजेचे चार लागोपाठ हलके झटके देऊन अंगठ्याची हालचाल मोजतात. चौथ्या हालचालीचं पहिलीशी गुणोत्तर किमान ०.९ झाल्याशिवाय श्वासनलिकेतली नळी काढू नये. यकृत बिघडलेल्या रुग्णात तर अंदाजावर अजिबातच नाही.