बॅटरी जोडल्यापासून आरपीएमचा काटा शून्यावर येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी टोरांटोजवळ राहतो. हिवाळाभर बाइक गॅरेजमध्ये झाकून असते, म्हणून दरवर्षी बॅटरी काढून घरात ठेवतो. परवा परत जोडली. घड्याळ 1:00 वर, ट्रिप मीटर शून्यावर, ते नेहमीचंच. एकूण किलोमीटरचा आकडाही जागेवर आहे.

पण आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) काटा किल्ली बंद केली तरी हजाराच्या आसपास अडकून बसतो आणि इंजिन सुरू केलं की साधारण तेवढंच जास्त दाखवतो. कानाला आयडलिंग अगदी रोजचंच वाटतंय. बॅटरी 12.7 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14.2. टर्मिनल घासून घट्ट केले, फ्यूज शाबूत.

एक कबुली: निगेटिव्ह वायर टेकवताना किल्ली चालूच राहिली होती, बारीक ठिणगी उडाली. (बायको म्हणालीच, "घाई कसली?") काटा स्टेपर मोटरवरचा (ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरवरचा) आहे, किल्ली फिरवली की पूर्ण फेरा मारतो, पण परतताना शून्याच्या अलीकडेच थांबतो. ठिणगी उडाली त्या क्षणी शून्याची जागा हरवली असेल का? बॅटरी पुन्हा काढून, किल्ली बंद ठेवून जोडली, तरी फरक नाही. मीटर न उघडता काटा जागेवर आणलाय का कुणी? गॅरेजवाला थेट नवीन मीटर घ्या म्हणतोय.