लष्कर भागातला हॉकीवेडा

कुणीतरी लिहिलंय की हॉकीवेडा माणूस कुठेही फिरायला गेला तरी देवळाआधी मैदान शोधतो. कबूल! आम्ही ग्वाल्हेरचे, घर लष्कर नावाच्या भागात. पाहुण्यांना किल्ला दाखवतो, मग कॅप्टन रूपसिंह स्टेडियम. सगळे म्हणतात, "हो, २०१० साली सचिनने २०० केले ते!" मी मान डोलावतो आणि मग माझं पुराण सुरू होतं. रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानच्या फौजेत होते. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यातले १० गोल एकट्या रूपसिंहांचे. आणि मुळात ते मैदान हॉकीचंच होतं, क्रिकेट मागाहून घुसलं. (इथे बायको चहाच्या निमित्ताने उठते.)

झाशी इथून शंभरेक किलोमीटर. ध्यानचंदांचा पुतळा टेकडीवर आहे, तो बघायला म्हणून सकाळच्या गाडीने गेलो. टळटळीत ऊन, बरोबर भाचा. वर पोचल्यावर म्हणाला, "मामा, एवढ्यासाठी?" हो रे बाबा, एवढ्यासाठीच.

रोजचं सुख मात्र घराजवळच. इथे मुलींची हॉकी अकादमी आहे. टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) पाणी मारलं की जो वास येतो आणि चेंडू फळीवर आदळल्याचा जो खणखणीत 'टक्' येतो, त्यासाठी मी बेडईचा (डाळ भरलेल्या पुरीचा) नाश्ता थंड होऊ देतो. ५ ऑगस्ट २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीला ५-४ हरवून भारताला कांस्य मिळालं, तेव्हा शेवटच्या सहा सेकंदांतला जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर (म्हणजे गोल करायची मोठी संधी) मी देवघरात उभा राहून नुसता ऐकला. बघायची हिंमतच झाली नाही.