कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप: ठरवून केलेलं साधं लग्न खरं आहे हे कागदावर कसं दाखवायचं?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे. जुने धागे चाळले, पण तिथे एक तर प्रेमविवाह आहेत, नाहीतर दोघंही आधीपासून तिकडेच राहणारे. आमचं तसं नाही.

नवरा कॅनडात पीआर (कायम रहिवासी), नोकरी ऑन्टारिओत. मी पुण्यात, माझीही नोकरी आहे. स्थळ विवाहमंडळातून आलं. त्याचं हे दुसरं लग्न, माझं पहिलं. गाजावाजा नको असं दोन्ही घरांनी आधीच ठरवलं होतं. सकाळी विधी, घरची आणि अगदी जवळची माणसं, दुपारी पंगत, झालं. मेंदी, संगीत, प्री-वेडिंग शूट यातलं काही नाही. फिरायलाही गेलो नाही, कारण त्याची उरलेली रजा सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेली. मग तो परत गेला.

आता नवऱ्याने मला तिकडे बोलावून घेण्याचा, म्हणजे स्पॉन्सरशिपचा, फॉर्म भरायला बसलोय आणि दाखवायला काहीच नाही असं वाटतंय. जॉइंट अकाउंट नाही, भाडेकरार एकत्र नाही. फोटोत आम्ही दोघं पासपोर्टसाठी उभे असल्यासारखे. चॅट म्हणाल तर 'जेवलास का', 'मीटिंग आहे, नंतर करतो', 'आईला गोळ्या दिल्या'. खरं बोलणं सगळं व्हिडिओ कॉलवर, त्याची फक्त यादी उरते. मी आडनाव बदललेलं नाही, बदलायचंही नाही. आणि लग्न ठरायच्या आधीचं बरंचसं बोलणं माझे बाबा आणि त्याचे काका यांच्यात फोनवर झालं, ते कुठून आणू?

एका एजंटने सुचवलं की महाबळेश्वरला जाऊन फोटो काढा, केक कापा, जॉइंट अकाउंट उघडा, 'फाइल रोमँटिक दिसली पाहिजे'. मला हे कसंसंच वाटलं. ज्यांनी ठरवून लग्न करून असा अर्ज केलाय त्यांनी नेमकं काय जोडलं? साध्या लग्नाचा संशय येतो का?

---

बर्फातला_पोपट

अभिनंदन, आणि त्या एजंटला नमस्कार सांगा, लांबूनच.

आधी एक: हा व्हिसा नाही, थेट पीआरचा अर्ज आहे, फॅमिली क्लासमधला (कुटुंबीयांसाठीच्या वर्गातला). त्यामुळे तपासणी कडक असते. अधिकारी बघतो ते इमिग्रेशन नियमावलीतलं कलम ४. लग्न मुख्यतः तिकडे जाण्याच्या फायद्यासाठी केलेलं आहे, किंवा ते खरं नाही, यातलं एक जरी वाटलं तरी नकार. २०१० पूर्वी दोन्ही गोष्टी लागू व्हाव्या लागायच्या, आता एक पुरते.

याचा अर्थ नीट घ्या. पहिल्या भागात लग्न करतानाचा हेतू बघतात. म्हणजे लग्नानंतरचं 'जेवलास का' कितीही जोडलं तरी तो अर्धाच भाग. लग्न कसं ठरलं ते दाखवावं लागतं. ठरवून केलेल्या लग्नात उलट याचे कागद जास्त असतात, आपल्याला ते कागद वाटत नाहीत एवढंच. मंडळाची नोंदणी पावती, एकमेकांना पाठवलेले बायोडेटा, पत्रिका जुळवलेली असेल तर तो कागद, बघायला आले त्या दिवशीचा एखादा फोटो, सुपारी फुटली त्या दिवशीचा फोटो, काकांनी वडिलांना पाठवलेला 'आमच्याकडून होकार' असा मेसेज. फोनवरचं बोलणं आणता येणार नाही, पण काका आणि बाबा दोघं आपापल्या शब्दांत पत्र लिहून देऊ शकतात.

---

सदा_सावध

वरच्याशी सहमत. पण मला वेगळीच काळजी आहे. नवऱ्याने स्वतः पीआर घेतला तेव्हा वैवाहिक स्थिती काय लिहिली होती? त्या वेळी पहिलं लग्न कायद्याने चालू होतं का, आणि पहिल्या पत्नीची नोंद अर्जात होती का? तुम्ही तेव्हा चित्रात नव्हता, म्हणजे नियम ११७(९)(ड) (स्पॉन्सरच्या स्वतःच्या पीआरच्या वेळी ज्या कुटुंबीयाची तपासणी झाली नाही त्याला वगळणारा) तुम्हाला आडवा येणार नाही. पण तारखांचा मेळ बसला नाही तर सगळ्यावरच प्रश्न येतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडा, आणि तुमच्या लग्नाची तारीख त्यानंतरची आहे हे एका नजरेत दिसू द्या.

---

निळी_शाई

@सदा_सावध, घटस्फोट आधी, पीआर नंतर. फॉर्ममध्ये घटस्फोटित असंच लिहिलं होतं. हुकूमनामा आहे.

---

सदा_सावध

मग सुटलात. त्याचं दुसरं लग्न, हेच साध्या लग्नाचं कारणही आहे. ते लपवू नका, सरळ लिहा.

---

हिशेबनीस

प्रश्नावली नीट वाचा (आयएमएम ५५३२). ओळख कुणी करून दिली, पहिल्यांदा कधी भेटलात, लग्नाला कोण आलं, असं सगळं विचारतात. दोघांनी वेगवेगळं बसून उत्तरं लिहून काढा आणि मग ताडून बघा. घोकून सारखी करायची नाहीत. पण एकाच्या मते साखरपुडा घरी झाला आणि दुसऱ्याच्या मते हॉलमध्ये, असं असेल तर आत्ताच कळू दे. मुलाखतीला बोलावलं तर असले फरक महागात पडतात. बोलावतीलच असं नाही.

चेकलिस्टमध्ये (आयएमएम ५५३३) फोटो २० पर्यंत आणि पत्रं, मेसेज वगैरे १० पानांपर्यंत, अशी मर्यादा आहे. त्यामुळे ढिगारा नको. प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा आणि कोण कोण उभं आहे ते लिहा. पासपोर्टसारखे उभे असाल तर असू द्या, आपल्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो तरी वेगळे कुठे आहेत! दोन्हीकडचे आईवडील, भावंडं, गुरुजी एका फ्रेममध्ये असतील तो फोटो दोघांच्याच दहा फोटोंपेक्षा उपयोगी. मेसेज निवडताना वेगवेगळ्या महिन्यांतले घ्या, कॉलच्या यादीचंही एखादं पान पुरे.

जॉइंट अकाउंट अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलं तर ते तसंच दिसतं. त्याऐवजी जे कायद्याने करायलाच हवं ते करा. तुमच्या पीएफवर बहुतेक अजून आईचं नाव असेल. लग्नानंतर पीएफचं जुनं नामनिर्देशन रद्द ठरतं, नवीन भरावंच लागतं. विम्याचंही बघून घ्या. हे अर्जासाठी नाही, तसंही करायचंच आहे, म्हणून ते खरं दिसतं.

आडनावाचं म्हणाल तर अजिबात अडत नाही. प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि फॉर्म यांत एकच नाव राहू द्या.

---

उंबरठा

लग्नाची नोंदणी झालीये ना? महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली महापालिकेत जी नोंदणी होते, तिच्या ज्ञापनावर (नोंदणीसाठी भरलेल्या अर्जावर) तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या असतात. प्रमाणपत्र तर लागेलच, पण ज्ञापनाची प्रत मिळाली तर तीही ठेवा. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिकाही. पत्रिका छापलीच नसेल तर व्हॉट्सॲपवर पाठवलेलं निमंत्रण आणि त्यावर आलेली दोन-चार उत्तरं.

पण ताई, तुम्ही एक गोष्ट ओघात लिहून पुढे गेलात. मोतीबिंदूचं ऑपरेशन! नवरा इथे असताना झालं ते ठीक. नंतर सासूबाईंचं कोण बघतं?

---

निळी_शाई

मीच. त्या कोथरूडला, मी पाच मिनिटांवर. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तो गेल्यावर झालं. रजा काढून नेलं, संमतीपत्रावर सही माझीच आहे. हे पुरावा म्हणून डोक्यातच आलं नाही.

---

उंबरठा

बघा. संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून तुमची सही, 'नातं' या रकान्यात 'सून', वर तारीख. हे कुणी अर्जासाठी बनवत नाही. तुम्ही बिल भरलं असेल आणि नवऱ्याने नंतर पैसे पाठवले असतील तर बँकेच्या उताऱ्यात त्या दोन ओळी सापडतील, त्यांवर खूण करा. आणि 'आईला गोळ्या दिल्या' हा मेसेज त्याच आठवड्यातला असेल तर तो या कागदांच्या मागेच लावा. तुमच्या दोघांच्या संसाराचा रोजचा भाग सध्या तिथेच चालू आहे, तो महाबळेश्वरात शोधायची गरज नाही.

---

बर्फातला_पोपट

+१. हे अर्जासोबतच्या पत्रात लिहा, एका पानात. स्थळ कसं आलं, लग्न साधं का केलं, फिरायला का गेलो नाही, आता वेगळे असताना काय चालतं. अधिकाऱ्याला ठरवून केलेली लग्नं नवीन नाहीत. पण सुनेने सासूला दवाखान्यात नेणं म्हणजे काय, हे त्याला आपोआप कळेल असं धरू नका.

आणि नवऱ्याला सांगा, तो पीआर आहे, नागरिक नाही, त्यामुळे स्पॉन्सर करताना त्याला कॅनडातच राहावं लागेल. अर्ज टाकून चार-सहा महिने इकडे येऊन राहण्याचा बेत असेल तर आधी विचार करा. अधूनमधून भेटीला येणं वेगळं, ती तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के उलट जोडायचे.

---

निळी_शाई

खूप आभार, डोक्यावरचं ओझं उतरलं. नवरा दिवाळीत थोड्या दिवसांसाठीच येणार आहे, राहायला नाही.

दोन शेवटच्या शंका. सासूबाई पत्र लिहायला तयार आहेत, पण मराठीतच लिहिणार. माझा भाऊ चांगलं इंग्रजी लिहितो, त्याच्याकडून भाषांतर करून घेतलं तर चालेल का? आणि दवाखान्याचे बाकीचे रिपोर्ट द्यायला त्या तयार नाहीत.

---

हिशेबनीस

भावाचं चालणार नाही, घरच्यांनी केलेलं भाषांतर ते घेत नाहीत. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ मराठी पत्राची प्रत सोबत. रिपोर्ट कशाला हवेत? संमतीपत्राचं पान आणि बिल बस. बाकीचं काळं करा, त्यांना विचारून.