ॲस्परॅगस फर्न आतून पिवळा पडतोय, रोज पाणी घालूनही थांबत नाही

अबोली

नमस्कार. माझ्याकडे लोंबत्या फांद्यांचा ॲस्परॅगस फर्न आहे, टांगलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत. मोठ्या बहिणीनं तो चार वर्षं वाढवला. तिच्या नव्या घरात उजेड कमी, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं कुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "याला फार लाड लागत नाहीत, फक्त विसरू नकोस." मी विसरलेली नाही. तरी झाड हातचं चाललंय, म्हणून इथे लिहितेय.

दोन महिन्यांपासून आतल्या बाजूनं पिवळं पडतंय. फांद्यांची टोकं हिरवी आहेत, पण बुडाकडचा भाग हळदीसारखा. नुसता हात लागला तरी सुईसारखी पानं भुरभुर गळतात. सकाळी खालची फरशी झाडली की अर्धी सुपली भरते. आधी वाटलं तहानलंय. आठवड्यातून दोनदा पाणी घालायचे, ते रोज घालायला लागले. काही फरक नाही. पाणी ओतलं की दहा-बारा सेकंदांत खालच्या भोकांतून धो धो बाहेर येतं, आणि तासाभरानं कुंडी उचलली तर हलकीच लागते.

आणखी एक. पूर्वी माती काठाच्या दोन बोटं खाली होती, आता काठाला टेकलीये. मी माती घातलेली नाही.

जागा बदललेली नाही. पूर्वेची खिडकी, सकाळी दीड-दोन तास कोवळं ऊन, मग दिवसभर उजेड. वाळलेली टोकं मी कात्रीनं काढत असते, पण कापलेली फांदी पुढे वाढतच नाही, तशीच बोडकी राहते. पाणी कमी करू की आणखी वाढवू? आणि पिवळ्या फांद्या ठेवायच्या की काढायच्या?

हिरवळ२१

फर्नला हवेत दमटपणा लागतो. दिवसातून दोनदा फवारा मारा, माती कायम ओली ठेवा आणि उन्हातून काढून सावलीत न्या. माझा बॉस्टन फर्न असाच झाला होता, महिन्याभरात सावरला.

माळीकाका

अबोलीताई, पाण्याचं राहू द्या. आधी झाड कुंडीबाहेर काढा आणि मुळं बघा. माती आपोआप वर आली आणि पाणी थांबतच नाही, या दोन गोष्टी वाचल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तुमच्या कुंडीत माती जवळपास संपलीये. मुळंच मुळं आहेत.

हिरवळ यांनी सांगितलं ते खऱ्या फर्नसाठी अगदी बरोबर आहे. पण हा फर्न नव्हे, नावामुळे सगळ्यांचाच घोटाळा होतो. फर्नला फूल येत नाही, बी धरत नाही, तो बीजाणूंवर वाढतो. याला बारीक पांढरी फुलं येतात, मग हिरवी फळं धरतात, ती पिकून लालभडक होतात आणि आत काळं बी असतं. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, आणि आपल्या शतावरीच्याच वंशातला. शतावरी ज्यानं कधी उपटली असेल त्याला खालचा मुळांचा झुबका आठवेल. याचंही तसंच. मुळांवर भुईमुगाच्या शेंगेएवढे, कधी त्याहून मोठे, पांढरट गोळे धरतात. ती याची पाण्याची टाकी. म्हणूनच चार दिवस पाणी चुकलं तरी हे झाड तग धरतं, आणि म्हणूनच माती सतत ओली ठेवली तर ते गोळे कुजतात.

आता तुमच्याकडे काय झालं ते सांगतो. गोळे वाढत गेले तसे त्यांनी मुळांचा गठ्ठा आणि वरची माती उचलून काठापर्यंत आणली. दाटीत जी थोडी माती उरली ती पूर्ण वाळली की आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग पाणी आत शिरतच नाही. भिंतीकडच्या फटीतून सरळ खाली. तुम्ही रोज पाणी घालताय, झाड मात्र कोरडं. अशा वेळी ते जुन्या फांद्यांवरची हिरवाई आधी टाकतं. आत उजेडही पोचत नसतो, म्हणून पिवळेपणा आतून सुरू होतो.

करायचं ते असं. आदल्या दिवशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी आडवी करा, बाजू दाबा, झाड ओढा. निघालंच नाही तर कुंडी कापा, मुळांशी झटापट करू नका. गोळे दाबून पाहा. टणक असतील तर उत्तम. सुरकुतलेले असतील तर ते पाणी देऊन रिकामे झालेत, भरून येतील. तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारे असतील तेवढे कापून टाका.

मग दातेरी सुरीनं गठ्ठा उभा चिरा, दोन किंवा तीन भाग. प्रत्येक भागाला वरचा बुडखा, म्हणजे जिथून फांद्या निघतात ती गाठ, आणि चार-पाच जिवंत फांद्या आल्याच पाहिजेत. हे फार महत्त्वाचं आहे. नुसत्या गोळ्याला कोंब फुटत नाही, कोंब येतो तो बुडख्यातूनच. त्यामुळे बाहेरचे थोडे गोळे आणि गुंडाळलेली मुळं छाटली गेली तर जीव खाली-वर करू नका.

माती दोन भाग, कुजलेलं खत एक भाग, जाडी वाळू किंवा परलाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे) एक भाग. कुंडी गठ्ठ्यापेक्षा दोन-तीन इंचच रुंद घ्या. इथे माझा अनुभव सांगतो. रोपवाटिकेत नोकरीला लागलो त्या वर्षी मी अशाच एका झाडाला मोठ्या मनानं दुप्पट मोठी कुंडी दिली होती. मुळं पोचली नव्हती त्या मातीत पाणी साचून राहिलं आणि तीन आठवड्यांत निम्मे गोळे सडले. ते झाड मला अजून आठवतं. आणि वर काठाखाली दीड-दोन इंच जागा मोकळी सोडा, गोळे पुन्हा माती उचलणारच आहेत.

फांद्यांचं. ज्याला आपण सुईसारखं पान म्हणतो ते पान नाही, ती फांदीचीच बारीक रूपं आहेत. खरं पान म्हणजे बुडाशी असलेला इवलासा खवला, आणि मोठ्या फांद्यांवर त्याचाच काटा झालेला असतो. हातमोजे घाला. एकदा गळालेल्या जागी पुन्हा हिरवं येत नाही, आणि टोक कापलेली फांदी तिथेच थांबते, हे तुम्ही स्वतःच पाहिलंय. म्हणून टोकं छाटणं आजपासून बंद. जी फांदी निम्म्याहून जास्त पिवळी, ती मातीलगत कापायची. बोडकं दिसेल, दिसू द्या.

जागा मात्र बदलू नका. सकाळचं कोवळं ऊन याला मानवतं. दुपारच्या कडक उन्हात करपतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पुन्हा पिवळा पडतो.

घारीची आई

काकांनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालते. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा आणि लाल फळं दिसली की तोडून टाका. आमच्या घारीनं गळालेली फळं खाल्ली आणि रात्रभर ओकत होती. पशुवैद्यांकडे न्यावं लागलं. आता बरी आहे, पण ती रात्र नको वाटते. शिवाय छाटताना निघालेला चीक माझ्या मनगटाला लागून पुरळ उठलं होतं, म्हणून लांब बाह्यांचं काहीतरी घाला.

आणि अबोली, पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी झटक. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले तर लाल कोळी ही कीड आहे. तो कोरड्या हवेत येतो आणि त्यानंही असाच पिवळेपणा येतो.

अबोली

कागद धरून पाहिला, ठिपके नाहीत. मांजर नाही, पण भाची येते रांगायला, त्यामुळे फळांचं लक्षात ठेवते.

काका, आज काढलं झाड. कुंडी कापावीच लागली. आत जे दिसलं ते बघून मी दोन मिनिटं तशीच बसले. कुंडीच्या आकाराचा, कुंडीच्या रेघा उमटलेला मुळांचा साचा होता. बोट घालायला जागा नाही. आणि आदल्या दिवशी अर्धा तास बुडवूनही गठ्ठा चिरल्यावर मधला मुठीएवढा भाग चक्क कोरडा, धुरळा उडेल असा. इतके दिवस मी रोज पाणी घालत होते आणि याच्या पोटात थेंब पोचत नव्हता. फार वाईट वाटलं.

गोळे बाहेरच्या बाजूचे टणक, मधले मनुक्यासारखे सुरकुतलेले. कुजलेले फक्त पाच-सहा, तळाशी. तीन भाग केले. पिवळ्या फांद्या मातीलगत कापल्या तेव्हा एका भागावर चार, दुसऱ्यावर सहा आणि तिसऱ्यावर दोनच हिरव्या उरल्या. तो दोनवाला जगेल का? आणि खत आत्ता घालू का?

माळीकाका

खत आत्ता नको. मुळं कापलेली आहेत, त्यांना आधी जखमा भरू द्या. महिना-दीड महिन्यानं कोंब दिसले की पातळ द्रवखत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात, महिन्यातून एकदा. थंडीत बंद.

पाणी आज भरपूर, खालून निथळेपर्यंत. त्यानंतर बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पुढचं पाणी. दोन फांद्यांचा भाग जगू शकतो. त्याचा बुडखा टणक होता ना? मग धीर धरा. त्याला इतर दोघांपेक्षा कमी पाणी लागेल, कारण पिणारी हिरवाईच कमी आहे. तिन्ही कुंड्यांना एकाच मापानं पाणी घालू नका.

हिरवळ२१

काका, मला खरंच फर्नच वाटत होता. माझ्याकडे पण आहे, पिसासारखा सपाट पसरणारा, पुष्पगुच्छात घालतात तो. तोही यातलाच का?

माळीकाका

हो, तोही ॲस्परॅगसच, फक्त जात वेगळी. तो मोठा झाला की वेलीसारखा चढतो, त्याला बारीक आधार द्या. सावली तो थोडी जास्त सोसतो. कोल्ह्याच्या शेपटीसारख्या उभ्या झुपकेदार फांद्यांचा एक येतो, तोही याच घरातला. तिघांचीही मुळं एकदा बघून घ्या, कुंडी कधी बदलायची ते तीच सांगतात.

अबोली

आज २६ दिवस झाले. चार फांद्यांच्या कुंडीत सात कोंब आलेत! सुरुवातीला ओळखलेच नाहीत. पानाचा पत्ता नाही, नुसती फिकट हिरवी काडी, टोकाला जांभळट खवले, बाजारात जुडी मिळते त्या ॲस्परॅगसचं पिल्लू दिसावं तशी. सगळ्यात उंच आज ११ सेंटीमीटर आहे, कालच्यापेक्षा दीड सेंटीमीटर जास्त. ताईला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन आला.

सहा फांद्यांच्या कुंडीत दोन कोंब आहेत. दोनवाली मात्र अजून गप्प. फांद्या हिरव्या आहेत, गळत नाहीत, पण नवीन काही नाही. उकरून बघू का?

माळीकाका

उकरू नका. कडेची माती बोटानं जरा बाजूला करा आणि वरचाच एक गोळा दाबून पाहा. टणक असेल तर माती परत सारा आणि आणखी महिनाभर थांबा.

आणि त्या ११ सेंटीमीटरच्या कोंबाला धक्का लागू देऊ नका. आत्ता तो काचेसारखा मोडतो, आणि टोक मोडलं की ती फांदी तेवढीच राहते. भाची येईल तेव्हा कुंडी वर टांगा.